लायसन्स मिळालं, पण गाडी येते का?

हा पॉडकास्ट ऐकणारे बरेच जण अकरावी-बारावीत किंवा कॉलेजात आहात. म्हणजे कुणाचं लायसन्स नुकतंच आलंय, कुणाचं यायचंय आणि कुणी लायसन्सशिवायच घरची स्कूटी क्लासला नेतंय. आजचा एपिसोड तुमच्यासाठीच आहे. विषय आहे नवशिक्या ड्रायव्हरला शिकवायचं कसं, याचा इतिहास. कंटाळवाणा वाटतोय ना? थांबा जरा. या इतिहासात एक असा प्रयोग आहे, ज्याच्या निकालाने भल्याभल्यांची झोप उडवली.

सुरुवात पुण्यापासून करू. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला एका भरधाव पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. जामीन देताना त्याला रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, आणि देशभर संताप उसळला. तेव्हापासून दोन गोष्टी सारख्या कानावर येतात. एक, शिक्षा कडक करा. आणि दुसरी, शाळा-कॉलेजातच ड्रायव्हिंगचा विषय ठेवा.

आज मी या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. कारण हे एका देशाने करून पाहिलंय, तेही थोडंथोडकं नाही, चांगली चाळीस-पन्नास वर्षं.

तो देश अमेरिका. १९३०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात एमॉस नेहार्ट नावाचे एक इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वतःची गाडी वापरून गावातल्या हायस्कूलच्या मुलांना ड्रायव्हिंग शिकवायला सुरुवात केली. कल्पना साधी होती. मुलं बापाकडून चुकीच्या सवयी उचलतात, त्यापेक्षा शाळेत नीट शिकू देत. ही कल्पना देशभर पसरली. पाठ्यपुस्तकं आली, शिकलेल्या मुलांना इन्शुरन्स कंपन्या सवलत द्यायला लागल्या. १९६६ साली हायवे सेफ्टी अ‍ॅक्ट आला आणि सरकारी पाठबळही मिळालं. सोळाव्या वर्षी शाळेत ड्रायव्हिंग शिकणं ही तिथली रीतच झाली.

मग कुणीतरी विचारलं, याने अपघात खरंच कमी होतात का?

उत्तर शोधायला १९७०च्या दशकाच्या शेवटी जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या डिकाल्ब काउंटीत एक मोठा प्रयोग झाला. साधारण १६ हजार हायस्कूलची मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची तीन गटांत वाटणी केली. पहिल्या गटाला त्या काळातला सगळ्यात चांगला कोर्स दिला. तो ७० तासांच्या वर होता आणि त्यात वर्ग, सिम्युलेटर, बंद ट्रॅकवरचा सराव, खरा रस्ता, रात्रीचं ड्रायव्हिंग असं सगळं होतं. दुसऱ्या गटाला लायसन्सची परीक्षा पास होण्यापुरतंच शिकवलं. तिसऱ्या गटाला शाळेत काहीच नाही. आईवडिलांकडून शिका, नाहीतर बाहेर शिका.

निकाल काय आला असेल?

भारी कोर्सवाली मुलं गाडी चांगली चालवत होती, यात वाद नाही. लायसन्स मिळाल्यावर पहिले काही महिने त्यांचे अपघातही थोडे कमी दिसले. पण हा फरक टिकला नाही. १९८६ साली काही संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले. आधी मुख्यतः लायसन्स मिळालेल्या मुलांकडे बघितलं जात होतं. यांनी गटातली सगळी मुलं मोजली. तेव्हा दिसलं की भारी कोर्सच्या गटात जास्त मुलांनी लायसन्स काढलं, आणि त्या गटाचे अपघातही तिसऱ्या गटापेक्षा जास्त होते!

म्हणजे शिकवल्यामुळे मुलं वाईट चालवायला लागली का? तसं नाही. पण जो मुलगा अठराव्या वर्षी गाडीला हात लावणार होता, तो कोर्समुळे सोळाव्या वर्षीच रस्त्यावर आला. कनेक्टिकट राज्यात हेच उलट बाजूने दिसलं. तिथे सरकारी पैसा थांबला आणि काही ठिकाणच्या शाळांनी हे वर्ग बंद केले. तिथल्या बऱ्याच मुलांनी लायसन्स पुढे ढकललं आणि त्या वयाचे अपघात घटले.

नॉर्वेची गोष्ट तर आणखी विचित्र. तिथे १९७९ पासून नवीन ड्रायव्हरना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. निसरड्या रस्त्यावर तरुण पोरांचे अपघात वाढले. का? ‘मला घसरलेली गाडी सावरता येते’ हा विश्वास आला की माणूस अशा रस्त्यावरही वेग कमी करत नाही. हातात कौशल्य थोडं येतं आणि डोक्यात त्याच्या दुप्पट येतं.

इथे थांबून एक फरक लक्षात घेऊ. क्लच, गिअर, स्टिअरिंग या गोष्टी पंधरा-वीस तासांत येतात. पण रस्ता वाचणं तितक्यात येत नाही. थांबलेल्या एसटीपुढून माणूस पळत येऊ शकतो, गल्लीच्या तोंडाशी चेंडू आला की मागून पोरगं येणार, समोरचा टेम्पो इंडिकेटर न देता वळणार, हे आधीच दिसायला हवं. नवशिक्याची नजर बॉनेटच्या जरा पुढे अडकलेली असते. ती लांब जायला महिने लागतात. त्यात रात्र आणि मागच्या सीटवर मित्र असले, की या वयात धोका कितीतरी वाढतो.

आपल्याकडे गावात पोहायला कसं शिकवतात आठवा. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा, कमरेला दोर, आणि दोराचं टोक वर काकाच्या हातात. आधी डबा सुटतो, मग दोर सुटतो, आणि विहिरीत वरून उडी मारायची परवानगी सगळ्यात शेवटी. पोहण्यावर ७० तासांचं लेक्चर देऊन कुणी पोराला थेट विहिरीत ढकलत नाही.

हीच गोष्ट गाडीला लावा, असं नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधक पॅट्रिशिया वॉलर १९७०च्या दशकापासून सांगत होत्या. ऐकलं कुणी? अमेरिकेच्या आधी न्यूझीलंडने. १ ऑगस्ट १९८७ पासून तिथे लायसन्स तीन टप्प्यांत मिळायला लागलं: शिकाऊ, मर्यादित आणि पूर्ण. मधल्या टप्प्यात गाडी एकट्याने चालवता येते, पण रात्री १० ते पहाटे ५ नाही आणि मित्रांना घेऊन नाही. शेजारी अनुभवी ड्रायव्हर असेल तर चालतं.

परिणाम दिसला. नंतरच्या अभ्यासात १५ ते १९ वयाच्या, हॉस्पिटलात भरती कराव्या लागणाऱ्या जखमींमध्ये साधारण २३ टक्के घट आढळली. त्याच काळात मोठ्या माणसांचे आकडेही थोडे उतरले होते, म्हणून सगळं श्रेय या नियमाला देता येत नाही. पण सगळ्यात जास्त घट याच वयात होती. मग १९९४ साली कॅनडातल्या ओंटारियोने आणि १९९६ साली अमेरिकेत फ्लोरिडाने ही पद्धत घेतली. पुढे एकेक करत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात आली.

ओंटारियोची एक गंमत सांगते. तिथे मान्यताप्राप्त कोर्स केला तर पहिला टप्पा १२ ऐवजी ८ महिन्यांत संपवायची सूट होती. सूट घेणाऱ्यांचे अपघात जास्त निघाले. पुन्हा तेच! शिकवण्याच्या बदल्यात वेळ कापला की शिकवणं वाया जातं.

स्वीडनने याच्या उलट केलं. १९९३ मध्ये त्यांनी शिकायला सुरुवात करायचं वय सोळावर आणलं, पण लायसन्सचं वय अठराच ठेवलं. ज्यांनी लवकर सुरुवात केली त्यांनी लायसन्सच्या आधी सुमारे १२० तास कुणालातरी शेजारी बसवून गाडी चालवली. बाकीच्यांचे तास पन्नासही भरत नव्हते. पुढे या १२० तासवाल्यांचे अपघात बरेच कमी निघाले.

मग क्लास, कोर्स हे सगळं बिनकामाचं म्हणायचं का? तेही खरं नाही. २०१५ साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात दीड लाखाच्या आसपास तरुण ड्रायव्हरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कोर्स केलेल्यांचे अपघात कमी दिसले. पण तिथे टप्प्यांची पद्धत आधीपासूनच होती, आणि कोर्स घ्यायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवलं होतं, चिठ्ठ्या टाकून नाही. ब्रिटननेही २००२ मध्ये परीक्षेत धोका ओळखण्याची व्हिडिओ चाचणी आणली. पडद्यावर रस्ता दिसतो आणि धोका दिसायला लागला की क्लिक करायचं. म्हणजे परीक्षा हातांबरोबर डोळ्यांचीही झाली.

आता आपल्याकडे या. आपल्या कायद्यात सोळाव्या वर्षी एक पायरी आहे: ५० सीसीपर्यंतची दुचाकी. ही पायरी एकेकाळी खरी होती. १९७२ साली आपल्याच फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली आणि सायकल, मग लूना, मग स्कूटर असा जिना कितीतरी घरांत आपोआप तयार झाला. लूना पळून पळून पळणार किती! आज शोरूममधल्या पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या वरच्या आहेत. कायद्यात पायरी आहे, रस्त्यावर ती उरलेली नाही. म्हणून सोळा वर्षांचं पोरगं एकतर काहीच चालवत नाही, नाहीतर बेकायदा चालवतं.

२०१९ साली शिक्षा वाढली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हे गरजेचंच होतं. पण अठरा पूर्ण झाल्यावर काय? लर्निंग काढा, ३० दिवस थांबा, आरटीओच्या ट्रॅकवर आठचा आकडा काढा. झालं! त्याच रात्री दोन वाजता चार मित्रांना घेऊन एक्सप्रेस वेवर जायला कायदा तुम्हाला अडवत नाही.

क्लासचं तर बोलायलाच नको. माझ्या क्लासमध्ये सरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच होता. अर्धी गाडी मी चालवत होते आणि अर्धी ते. २०२१ पासून मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आलेत. कारसाठी २९ तासांचा कोर्स, त्यातले २१ प्रात्यक्षिकाचे, आणि तिथे पास झालात की आरटीओची टेस्ट माफ. २९ तास हे आधीपेक्षा नक्कीच चांगले. पण डिकाल्बमध्ये ७० तास होते, हे विसरू नका. आपण शिकवणं सुधारतोय. दोर हळूहळू सोडायचं मात्र अजून कुणी बोलत नाही.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातली साधारण दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती. तुमच्या-माझ्या वयाची.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर न्यूझीलंडचा नियम घरात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. लायसन्स आल्यावर पहिले सहा महिने रात्री दहानंतर एकट्याने गाडी नाही. मित्रांना घेऊन नाही. आठवड्यातून दोनदा आई, बाबा किंवा चांगली चालवणारी ताई शेजारी, आणि तास वहीत लिहायचे. शंभर भरले की मग बघू. मित्र हसतील. हसू देत.

तुमच्या घरी गाडी शिकताना दोर कुणाच्या हातात होता, की नव्हताच? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. हेल्मेट घाला, बेल्ट लावा, आणि हा एपिसोड गाडी चालवताना ऐकत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या!