वेदनेचे दफ्तर

हेन्री हेड हा लंडनचा मज्जातंतुवैद्य. १९०३ सालच्या एप्रिल महिन्यात त्याने आपल्या डाव्या हाताच्या त्वचेला संवेदना पुरविणारे तंतू शल्यवैद्याकडून बुद्धिपुरस्सर कापवून घेतले, त्यांची टोके रेशमी धाग्याने पुन्हा जोडवून घेतली, आणि पुढली चार वर्षे, सवड मिळेल तेव्हा आगगाडीने केंब्रिजला जाऊन, सेंट जॉन्स कॉलेजातील आपला मित्र विल्यम रिव्हर्स याच्या खोल्यांत तो डोळे मिटून, हात पुढे करून बसू लागला. रिव्हर्स त्या हातावर कधी कापसाचा बोळा फिरवी, कधी सुई टोची, कधी ऊन किंवा गार पाण्याची नळी टेकवी. हेडने काय वाटले ते सांगावे, आणि जेथे संवेदना संपते तेथे त्वचेवर खूण करून ती हद्द नकाशात उतरवून घ्यावी, असा क्रम चाले. प्रथम परतली ती टोचणीची जाणीव, आणि तीही अशी की टोचावे एके ठिकाणी व कळ उठावी दूरवर, पसरट आणि असह्य. हलका स्पर्श, त्याची नेमकी जागा आणि उष्णतेतील बारीक अंतर ओळखण्याची शक्ती त्यानंतर कितीतरी उशिराने आली. १९०८ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात ही सारी हकीकत प्रसिद्ध झाली. तिच्यावरून हेडने उभारलेली, ढोबळ व सूक्ष्म अशा दुहेरी संवेदनेची उपपत्ती पुढील संशोधकांपुढे टिकली नाही. पण त्या नोंदींचा काटेकोरपणा आजही थक्क करतो.

स्वतःच्या देहावर असा प्रयोग करण्याचे कारण हेडने दिले आहे, आणि वेदनेच्या नोंदींचा इतिहास पाहणाऱ्याने येथेच क्षणभर थांबले पाहिजे. इस्पितळातील रोग्यांकडून त्याला हवी तशी साक्ष मिळत नव्हती. ते थकत, त्यांना घाई असे, आणि आपल्याच संवेदनेचे बारकाईने निरीक्षण करण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. म्हणून वैद्यच साक्षीदार झाला. याच हेडने १८९३ साली त्वचेवरील अशा प्रदेशांचे नकाशे काढले होते की ज्यांत आतल्या इंद्रियांचा विकार बाहेर दुखण्याच्या रूपाने उमटतो. हृदय व्यथित झाले म्हणजे डावा हात का दुखावा, याचा उलगडा त्या दोन्हींचे तंतू पाठीच्या कण्यात एकाच पातळीवर येऊन मिळतात या वस्तुस्थितीने होतो. हे नकाशे शेकडो रोग्यांच्या सांगण्यावरूनच तयार होणार, यात शंका नाही. आणि तरीही त्या सांगण्याविषयी वैद्यकाच्या मनात अविश्वास राहिला. त्या अविश्वासाचा आणि तो हळूहळू ओसरल्याचा हा इतिहास आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यकाने या कामी शब्दांवर भिस्त ठेवली होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणाच्या वेदनांची जी गणना येते, तीत तोदन, भेदन, छेदन, मंथन, स्फोटन, विदारण अशी क्रियावाचक नावे एकामागून एक येतात, आणि कोणत्या जातीची वेदना कोणत्या दोषाची निदर्शक हे त्यांवरून ठरविले जाते. आमच्या बायाबापड्यांची भाषाही या बाबतीत दरिद्री नाही. ठणका, ठसठस, कळ, चमक, उसण, भगभग या प्रत्येकाने जाणत्या वैद्याला निराळी खबर मिळते. परिमाणाचीही सोय लोकांनी आपल्यापुरती करून घेतली होती. ‘रुपयातले आठ आणे उतरले, डॉक्टरसाहेब,’ असे म्हणणारा रोगी नाणेपद्धती बदलून दशके लोटल्यावरही महाराष्ट्रातील दवाखान्यांत भेटतो, आणि त्या आठ आण्यांचा अर्थ लावण्यात डॉक्टरची सहसा गल्लत होत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र पाश्चात्त्य संशोधकांना रोग्याच्या तोंडची ही आणेवारी पुरेनाशी झाली. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात जेम्स हार्डी, हॅरल्ड वुल्फ आणि हेलन गुडेल या तिघांनी १९४० साली वेदनामापक यंत्र सिद्ध केले. कपाळाला काळी शाई फासावयाची, भिंगातून प्रखर दिव्याचा झोत त्या काळ्या ठिपक्यावर तीन सेकंद पाडावयाचा, आणि उष्णतेची जाणीव टोचणीत बदलते तो क्षण नोंदवावयाचा, अशी ती पद्धती. प्रयोगकर्ते एकमेकांनाच असे भाजून घेत. त्यांची निष्ठा निर्विवाद होती. या मापनातून त्यांनी ‘डॉल’ नावाचे एकक बसविले आणि मनुष्याला होऊ शकणाऱ्या कमाल वेदनेची इयत्ता साडेदहा डॉल ठरविली. पुढे प्रसूतिवेदनांचेही माप याच एककाने घेण्याचे ठरले: दोन कळांच्या मधल्या अवकाशात स्त्रीच्या हातावर झोत टाकावयाचा आणि ‘मघाची कळ एवढी होती का?’ असे तिला विचारावयाचे. हाताची कातडी भाजेपर्यंत ही तुलना गेली. कळा देणाऱ्या बाईला आणखी चटके देऊन तिच्याच शब्दांची रुजुवात करण्याची पाळी शास्त्रावर यावी, याचे मला आजही दुःख होते. ती सांगत होती तेवढे लिहून घेतले असते तर काय बिघडले असते?

यंत्राचा हा मार्ग ज्याने खुंटविला तो हेन्री बीचर हा बोस्टनचा भूलतज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील रणभूमीवर त्याने घायाळ सैनिक पाहिले. मोठमोठ्या जखमा अंगावर असताना त्यांतील पुष्कळांनी, विचारले असताही, वेदनाशामक नको म्हणून सांगितले. १९४६ साली त्याने हे प्रसिद्ध केले. आघाडीवरून जिवंत सुटका झाली हा त्या जखमेचा अर्थ होता, आणि तेवढ्याच जखमेचा अर्थ शांतताकाळातील नागरिकाला निराळा लागतो, हे त्याचे विवेचन. जखमेच्या आकारावरून वेदनेचा आकार ठरत नाही, ही गोष्ट एकदा मान्य झाल्यावर ज्याला वेदना होते त्याला विचारण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

विचारण्याच्या पद्धतीही त्याच सुमारास आकाराला येत होत्या. १९४८ साली केनेथ कील याने ‘लॅन्सेट’मध्ये वेदनेचा तक्ता मांडला. किंचित, मध्यम, तीव्र आणि मरणप्राय अशा चार पायऱ्या आणि दिवसाचे चोवीस तास. परिचारिकेने त्यात ठराविक अंतराने रोग्याची स्थिती भरावयाची. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये पामर याने मनुष्याकृतीची बाह्यरेषा रोग्यांपुढे ठेवून, कोठे दुखते ते तीवर काढून दाखवा, असे सांगण्याची रीत वर्णिली. परंतु त्या लेखाचा हेतू खऱ्या दुखण्यातून मनाचे दुखणे निवडून काढण्याचा होता, हे विसरता येत नाही. १९७६ साली रॅन्सफर्ड, केर्न्स आणि मूनी यांनी कंबरदुखीच्या रोग्यांसाठी याच आकृत्यांना गुण देण्याची पद्धती घालून दिली, तेव्हा तर हा संशय नियमबद्धच झाला. मज्जातंतूंच्या शास्त्रोक्त वाटेला न जुळणारी वेदना काढली, की गुण. आकृतीच्या बाहेर वेदना काढली, की गुण. समजावे म्हणून बाण काढले, शेजारी चार शब्द लिहिले, तरी गुण. आणि हे गुण साचले म्हणजे रोग्याच्या मानसिक अवस्थेची चौकशी करावी, असा संकेत. आपले दुखणे समोरच्याला कळावे म्हणून जास्त आटापिटा करणाराच त्यात अधिक संशयास्पद ठरत होता. वर्षानुवर्षे कंबर धरून बसलेल्या माणसाने कागदाच्या कडेला काढलेला तो बाण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुढील अभ्यासांत अशा आकृत्यांवरून मनाची परीक्षा विश्वसनीयपणे होत नाही असे दिसून आले, पण तोवर किती जणांच्या कैफियती बाद झाल्या असतील कोण जाणे.

याच्या उलट वाटेने गेला तो मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील रोनाल्ड मेल्झॅक. पॅट्रिक वॉल याच्या सहकार्याने १९६५ साली त्याने वेदनेच्या ‘दारा’ची प्रसिद्ध उपपत्ती मांडली, हे बहुतेकांना ठाऊक असते, परंतु नोंदींच्या इतिहासात त्याचे दुसरे काम अधिक मोलाचे मानले पाहिजे. रोगी वापरतात ते शब्द तो जमवू लागला. १९७१ साली टॉर्गर्सनबरोबर त्याने एकशे दोन शब्दांचे वर्गीकरण केले, आणि १९७५ साली त्यांतून अठ्ठ्याहत्तर शब्दांची, वीस गटांची प्रश्नावली सिद्ध झाली. तिच्या माथ्यावर पुढून व मागून दाखविलेली मनुष्याकृती होती. वेदना वरवरची की आतली, हे तिच्यावर अक्षराने लिहावयाचे. सुश्रुताच्या परंपरेत वाढलेल्या वैद्याला ही प्रश्नावली परकी वाटली नसती. एक वर्ष आधी हस्किसन याने याहून सोपा उपाय लोकप्रिय केला होता: दहा सेंटिमीटरची रेघ, एका टोकाला वेदना मुळीच नाही, दुसऱ्या टोकाला कल्पनेतील परमावधी, मध्ये रोग्याने खूण करावी.

रेघेवरच्या खुणेतून मिळणाऱ्या एका आकड्याची सोय मोठी. परंतु आकड्याला हुकमाचे स्वरूप आले म्हणजे काय होते, ते अमेरिकेने पाहिले. नाडी, ताप, श्वास आणि रक्तदाब यांच्या पंक्तीला वेदना बसवावी, असा आग्रह तेथील वेदनातज्ज्ञांच्या संस्थेने १९९६ च्या सुमारास धरला, इस्पितळांच्या मान्यतेच्या नियमांत २००१ साली तिच्या मोजणीला स्थान मिळाले, आणि अफूजन्य औषधांच्या अतिरेकाने माजलेल्या अनर्थात औषधकंपन्यांच्या प्रचाराबरोबर या आकड्याच्या दडपणाचाही वाटा होता, असे पुष्कळ जाणकार मानतात. आपल्या देशात नेमकी उलट अवस्था होती. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले की कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रोग्यालाही ते मिळणे दुरापास्त झाले. १९८६ साली वांद्र्याला शांती अवेदना सदन हे मरणासन्न रोग्यांसाठीचे देशातील पहिले शुश्रूषागृह निघाले ते याच काळात, आणि कायद्यात सुधारणा व्हावयाला २०१४ साल उजाडले. तक्त्यात ‘दहा’ लिहिले आणि कपाटात औषध नाही, अशा अवस्थेत नोंद करणाऱ्याचे मन कसे राहिले असेल, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

आता संगणकाकडे येतो. वेदनेची रोजनिशी रोग्याने घरी ठेवावी, ही प्रथा जुनीच होती; ती प्रामाणिकपणे ठेवली जाते की नाही, हे मात्र आर्थर स्टोन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली शोधून काढले. त्यांनी कागदी रोजनिशीच्या बांधणीत प्रकाश ओळखणारी यंत्रणा गुप्तपणे बसविली, जेणेकरून ती केव्हा उघडली गेली याची वेळ आपोआप टिपली जावी. दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रोग्यांनी शंभरांतील नव्वद नोंदी वेळेवर केल्याचे लिहून दिले होते. प्रत्यक्षात अकराच तशा होत्या, आणि रोजनिशी उघडलीच गेली नाही असेही कित्येक दिवस निघाले, ज्यांच्या रकान्यांत पुढे सारे काही भरलेले होते. हातातल्या लहान संगणकावर, ठरल्या वेळी सूचना देऊन, घेतलेल्या नोंदींचे पालन मात्र चौऱ्याण्णव इतके आढळले. या रोग्यांना खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. दुखणाऱ्या माणसाला दर वेळी वही उघडणे जड जाते, आणि मागाहून आठवून लिहावे तर आठवणीचा स्वभाव आडवा येतो. डॅनियल काह्नमन आणि डोनाल्ड रेडेलमायर यांनी १९९६ साली दाखवून दिले होते की एखादी तपासणी किती वेळ चालली हे रोगी जवळजवळ विसरतो. त्याच्या मनात राहतो तो वेदनेचा सर्वोच्च क्षण आणि अखेरचा क्षण. म्हणून तत्क्षणी केलेल्या नोंदीला किंमत.

याच रेडेलमायरने एमॉस ट्वर्स्कीबरोबर, त्याच वर्षी, हवेच्या बदलाने सांधे दुखतात या सार्वत्रिक समजुतीची परीक्षा घेतली होती. संधिवाताचे अठरा रोगी, पंधरा महिने, महिन्यातून दोन वेळा मोजणी. संबंध आढळला नाही, आणि मनुष्य योगायोगात नसलेला आकृतिबंध पाहतो असा निष्कर्ष निघाला. पावसाची चाहूल गुडघ्याला आधी लागते असे सांगणारी माणसे जगभर आहेत. त्यांना शास्त्राने एवढ्यावर निरुत्तर केले. वीस वर्षांनी, २०१६ च्या जानेवारीत, मँचेस्टर विद्यापीठातील विल डिक्सन यांनी हाच प्रश्न मोबाइल दूरध्वनीच्या साह्याने पुन्हा काढला. संधिवात व तत्सम दीर्घ व्याधी असलेल्या तेरा हजारांवर ब्रिटिश नागरिकांनी ॲप उतरवून घेतले. रोज सायंकाळी सूचना येई, त्यांनी वेदना, थकवा, झोप, मनःस्थिती इत्यादी पाच पायऱ्यांवर नोंदवावी, आणि दूरध्वनीने ठिकाण ओळखून जवळच्या वेधशाळेतील हवामान त्या नोंदीशी जोडावे. अशा रीतीने एका देशाच्या वेदनेचा नकाशा दिवसागणिक तयार होत गेला. नियमित नोंदी ठेवणाऱ्या दोन हजार सहाशे अठ्ठावन्न जणांची माहिती, प्रत्येकाची तुलना त्याच्याच इतर दिवसांशी करून, तपासण्यात आली आणि २०१९ साली निष्कर्ष बाहेर आला: दमट हवा, वायुभाराची घट आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी वेदना वाढण्याचा संभव अधिक, व त्यांत दमटपणाचा वाटा सर्वांत मोठा. मनःस्थिती आणि हालचाल हिशेबात घेतली तरी हा संबंध पुसला गेला नाही. वाढ मात्र बेताची आहे. सामान्य दिवशी शंभरांत पाच जणांचे दुखणे उसळत असेल, तर दमट आणि वादळी दिवशी सहा जणांचे उसळते.

हा आकडा लहान आहे, पण तो ज्यांच्यामुळे मिळाला त्यांचे मोल मला फार वाटते. या प्रयोगात भाग घेणाऱ्यांना जमलेली सामुदायिक माहिती पाहून स्वतःचे तर्क मांडण्याचीही मुभा होती, आणि पुष्कळांनी ते मांडले. ज्या साक्षीवर हेडचा विश्वास बसला नव्हता, तिच्याकडून शास्त्र आता नोंदीबरोबर तर्काचीही अपेक्षा करू लागले होते. एक उणीव सांगितली पाहिजे. ज्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या त्यांत शंभरी त्र्याऐंशी स्त्रिया होत्या आणि सरासरी वय एक्कावन्न होते. ज्याच्यापाशी दूरध्वनी नाही, किंवा सायंकाळी थकून पडल्यावर तो हातात घेण्याचे त्राण नाही, त्याचे दुखणे या नकाशावर आलेच नाही. भातखाचरात दिवसभर वाकून आवणी करणाऱ्या कोकणातल्या बाईची कंबर ऐन पावसात किती आणे दुखते, हे तिच्या गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टरलाच काय ते कळते, आणि तेही त्याने विचारले तर.