चार चमच्यांचा इतिहास

माझा एक जुना विद्यार्थी व्यापारी जहाजावर खलाशी आहे. शाळेत असताना इतिहासाच्या तासाला तो हमखास पेंगायचा. सनावळीशी त्याचे हाडवैरच होते म्हणा ना! गेल्या वर्षी त्याने मला सायप्रस बेटावरून एक छायाचित्र पाठविले. जुन्या किल्ल्यातले एक दालन, त्यात काळवंडलेल्या फळ्यांचा भलामोठा सांगाडा, आणि सोबत दोनच ओळी: "गुरुजी, ह्या गलबतावर चौघेच होते म्हणे. तुम्ही आम्हांला ह्यांच्याविषयी कधी काही शिकवलं नाही!"

आरोप खरा होता. मी मुकाट्याने पुस्तके उघडून बसलो.

सायप्रसच्या उत्तर किनाऱ्यावर किरेनिया नावाचे बंदर आहे. १९६५ साली आंद्रेआस कारिओलू ह्या तिथल्याच पाणबुड्याला समुद्राच्या तळाशी मातीच्या कुंभांचा एक ढीग दिसला. पुढे मायकेल कॅट्झेव्ह ह्या अमेरिकन संशोधकाने १९६८ आणि १९६९ साली तिथे उत्खनन केले. शंभर फूट खोल पाण्याखाली, वाळूच्या पांघरुणात, एक ग्रीक गलबत निजले होते. लांबी अवघी ४७ फूट. बुडाल्याला सुमारे तेवीसशे वर्षे झालेली!

त्यात काय नव्हते? दारूचे सुमारे चारशे कुंभ, त्यांतले बहुतेक ऱ्होड्स बेटाचे. जात्याचे २९ दगड. आणि दहा हजारांच्या घरात बदाम! गराचा मागमूस नाही, पण टरफले शाबूत. जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या होत्या, म्हणजे वाटेत मासे धरून कालवणाची सोय होत असावी. गलबत तसे जुनेपुराणेच. ठिकठिकाणी डागडुजी केलेली, पाणी झिरपू नये म्हणून बाहेरून शिशाचा पत्रा ठोकलेला. फाटक्या धोतराला ठिगळ लावून वर्ष ढकलावे, तसा त्या मालकाचा संसार दिसतो.

पण वाचकहो, मला खिळवून ठेवले ते ह्या मालाने नव्हे. त्या गलबतावर तेलाच्या सुरया निघाल्या चार, मिठाच्या वाट्या चार, प्यायचे पेले चार आणि लाकडी चमचे चार. त्यावरूनच संशोधकांनी ताडले, की गलबतावर चौघे होते. आपल्याकडे नाही का, पाने किती मांडली आहेत ह्यावरून पंगतीला किती माणसे ते कळते? तसेच हे!

ज्या काळात हे चौघे शिडे उभारून हिंडत होते, त्या काळाचा इतिहास मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. इ. स. पूर्व ३२३ मध्ये सिकंदर मरण पावला आणि त्याचे सरदार राज्यासाठी एकमेकांच्या उरावर बसले. त्यांतल्याच एकाचा मुलगा डिमिट्रियस ह्याने इ. स. पूर्व ३०५ मध्ये ऱ्होड्सला वेढा घातला. वर्षभर झुंजूनही शहर पडेना, तेव्हा तह करून तो निघून गेला. मागे राहिलेली त्याची युद्धयंत्रे ऱ्होड्सकरांनी विकली आणि त्या पैशातून सूर्यदेवाचा शंभर फुटांहून उंच असा ब्राँझचा पुतळा उभारला. जगातल्या सात आश्चर्यांत त्याची गणना झाली. काही दशकांतच भूकंपाने तो गुडघ्यातून मोडून पडला. आज त्याचा एक तुकडाही कुणाला दाखविता येत नाही.

आणि ते चार चमचे मात्र राहिले!

गलबत बुडाले कसे? त्याच्या तळाखाली भाल्यांची लोखंडी पाती सापडली, त्यावरून कॅट्झेव्ह ह्यांना चाच्यांचा संशय आला. ते चौघे पोहून किनाऱ्याला लागले, की कुणाच्या हाती सापडून गुलामांच्या बाजारात गेले, हे समुद्राने सांगितलेले नाही. त्यांची नावेही त्याने राखली नाहीत. पण राजांचे शिलालेख कोरले जात होते, तेव्हा त्या राजांच्या पेल्यात दारू आणि जात्यात दाणे पडत होते ते अशाच चौघांच्या जिवावर. प्राचीन भूमध्य संस्कृती म्हणून आपण जिचे गोडवे गातो, ती अशा ठिगळांच्या गलबतांतूनच एका बंदराहून दुसऱ्या बंदराला गेली.

आता त्या धड्याला आलो, की मी सिकंदराच्या आधी फळ्यावर चार चमचे काढतो. पोरे हसतात, पण पेंगत नाहीत.

माझ्या त्या विद्यार्थ्याची आई आमच्याच आळीत राहते. पोरगा दूर समुद्रावर असला, तरी दिवाळीच्या पहाटे फराळाला ती त्याचे पान मांडतेच. गेल्या दिवाळीला मी तिच्याकडे गेलो, तेव्हा ते पान पाहून माझा घास क्षणभर हातातच राहिला. तेवीसशे वर्षांपूर्वी कुठल्याशा बंदरात, कुठल्याशा चार घरांतही अशीच पाने मांडली गेली असतील.