पायली आणि ऐंशी स्तंभ

वेळवंडीच्या खोऱ्यात, भाटघर धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव. १९७८ साली मी पुण्यात गावपाहण्यांच्या सारणीच्या कामाला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात वेल्ह्याच्या एका वाडीची प्रश्नावली हाती आली. नाचणी अकरा पायल्या, वरई चार. किलो किती धरायचे? पायली गावागणिक वेगळी भरते, हे मला घरूनच ठाऊक होतं. आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी अन्वेषकाकडून त्या वाडीचं माप तोलून मागवलं, तक्त्याच्या समासात पेन्सिलीनं वजन लिहिलं आणि खाली सही-तारीख घातली. पुढे कुणी विचारलं, तर उत्तर तिथंच होतं.

पुण्यात हे काम जुनं. हॅरॉल्ड मान यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ सालचा. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली, आणि धनंजयराव गाडगीळांची वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी १९४० साली छापली गेली. मांढरदेवीचा डोंगर उतरलं की वाई. पण आमचं भोर तेव्हा संस्थान होतं, त्या पाहणीच्या बाहेर; ते विलीन झालं १९४८ साली. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली खेड्यातल्या दारिद्र्याची रेषा १९६०-६१च्या भावांनी दरडोई महिना १५ रुपयांवर आखली, ती राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून.

मग आमच्याकडे पंच कार्डं आली. एका कार्डावर ऐंशी स्तंभ, त्याच्या पलीकडे जागा नाही. घर क्रमांक, माणसं, जमीन, जनावरं बसवता बसवता स्तंभ संपले. भात, ज्वारी, गहू यांना स्वतंत्र घरं मिळाली. नाचणी आणि वरई ‘इतर धान्ये’ या एकाच खान्यात गेली. डोंगरातल्या माणसाचं वर्षाचं पोट ज्यावर चालतं, ते तक्त्यातून नाहीसं झालं. फोरट्रान भाषेतला प्रोग्रॅम बिनचूक चालला. मी तेव्हा गप्प बसले, ते आजही सलतं.

पुढे सॉफ्टवेअरची निवड आम्ही कधी केलीच नाही. कार्यालयाकडे ज्याचा परवाना, ते सॉफ्टवेअर. १९६८ साली निघालेलं एसपीएसएस आमच्यापर्यंत पोचलं ते मेनूसकट. त्यात पायलीचे किलो एका क्लिकवर झाले, पण कुठल्या मापानं झाले याची नोंद कुणी ठेवली नाही. एका तालुक्याची सगळी पाहणी त्याच्याच फाइलींत साठवली होती. परवाना संपला आणि दोन वर्षं ती कुणाला उघडता आली नाही. १९८५ सालचं स्टाटा मला आवडलं, कारण त्याच्या डू-फाइलीत प्रत्येक पायरी लिहिलेली राहते. पण त्यालाही पैसे पडतात.

ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी नव्वदच्या दशकात आर ही संगणकभाषा लिहिली आणि फुकट खुली केली. माझ्या मते गावपाहणीसाठी आधी हीच शिकावी. नमुन्यातल्या प्रत्येक घराचा भारांक धरून अंदाज काढण्याची आणि त्यातली संभाव्य चूक मोजण्याची सोय तिच्यात उत्तम आहे. बाजार समित्यांचे रोजचे भाव गोळा करायचे, मोठाल्या फाइली जोडायच्या, तर पायथन ही भाषा हाताशी असावी. एक्सेल नजर टाकायला ठीक. त्यात हिशेब करू नये, कारण बदललेला आकडा मागे खूण ठेवत नाही.

भोर-वेल्ह्यातून अर्थशास्त्र शिकायला पुण्याला जाणाऱ्या मुलामुलींनो, राष्ट्रीय नमुना पाहणीचा घरनिहाय डेटा आता फुकट उतरवून घेता येतो. त्यातल्या कित्येक फाइली अजूनही आमच्या कार्डांसारख्या स्तंभ मोजूनच वाचाव्या लागतात, पण ऐंशीची अट उरलेली नाही. तुमच्या पाहणीत नाचणीला आणि वरईला वेगवेगळे रकाने द्या. घरची पायली तोलून घ्या, आणि ते वजन स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत गावाच्या नावासकट लिहा.