शिंगरांतील आंत्रकृमी व शूळ

शिंगरांच्या आतड्यात सूत्रकृमी झाल्याने उद्‌भवणारा विकार. शूळ हा स्वतंत्र रोग नसून लक्षण होय : शिंगरू खुराने जमीन उकरते, वळून कुशीकडे पाहते, लोळते व घामाने भिजते. शालिहोत्राच्या परंपरेतील नकुल व जयदत्त ह्यांच्या ग्रंथांवरून भारतातील अश्ववैद्यकाचे प्राचीनत्व दिसते. मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला सरकारी घोडा मिळे, शिलेदाराचा मात्र स्वतःचा असे. त्याच्या दारचे शिंगरू दगावणे म्हणजे पुढील चाकरीचे साधनच जाणे होय.

कृमी व शूळ ह्यांचा संबंध उशिरा उलगडला. घोड्याच्या रोहिणीतील कृमी सतराव्या शतकातच पाहण्यात आले होते. परंतु त्यांचा अर्थ जर्मन विकृतिवैज्ञानिक ओटो बोलिंगर ह्यांनी १८७० मध्ये लावला. आतड्याला रक्त पुरविणारी रोहिणी कृमींमुळे फुगते, तीत रक्ताच्या गुठळ्या होतात व त्या सुटून पुढे अडकल्या म्हणजे आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, असे त्यांनी प्रतिपादिले. हा कृमी म्हणजे स्ट्राँगायलस व्हल्गॅरिस. गवतावाटे पोटात गेलेले त्याचे डिंभ रोहिणीच्या भित्तीतून वर सरकतात; परत आतड्यात येऊन अंडी घालू लागेपर्यंत सु. सहा महिने लोटतात. लिदीत अंडे न सापडलेले शिंगरूही म्हणूनच शूळाने मरू शकते.

मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये निघाले. पुण्यात १८८९ मध्ये स्थापन झालेली सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तिचा भर साथीच्या रोगांवर होता.

शिंगरांचा खास शत्रू म्हणजे पॅरास्कारिस हा गोलकृमी. याची लांबी ३५ सेंमी.पर्यंत भरते. त्याची चिकट अंडी तबेल्याच्या भिंतींना व घोडीच्या सडांना लागून राहतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. कृमींची संख्या फार असता जालीम औषध दिल्यास ते सर्व एकदम मरून आतडे तुंबते व क्वचित फुटते. औषधानेच शूळ ओढवावा, हा ह्या विकारातील विलक्षण प्रकार होय.

पूर्वीच्या टर्पेंटाइन व जवसाच्या तेलाच्या जागी १९४० नंतर फिनोथायाझीन, १९६१ मध्ये थायाबेंडाझोल व १९८० नंतर आयव्हरमेक्टिन आले. अमेरिकेत १९६६ मध्ये सुचविलेली दर दोन महिन्यांनी औषध देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. तिने रोहिणीतील कृमी हटले खरे. पण सरसकट वापरामुळे औषधांना दाद न देणारे कृमी निपजले. आयव्हरमेक्टिनला न जुमानणारा पॅरास्कारिस २००२ मध्ये नेदर्लंड्समध्ये नोंदला गेला. त्यानंतर लिदीतील अंडी मोजून औषध ठरविणे व कुरणातील लीद वेळेवर उचलणे ह्यांवर भर दिला जाऊ लागला.