जनसुनावणी आणि ग्रामसभेची संमती : कायदा काय सांगतो?

धरण, खाण किंवा बंदर 'राष्ट्रहिताचे' म्हणून जाहीर झाले की ज्यांची जमीन जाणार त्यांना बहुधा शेवटी विचारले जाते. मत ऐकणे वेगळे आणि संमती घेणे वेगळे. कायद्यातला हा फरक आपण समजून घेतला पाहिजे.

जनसुनावणी

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ सुनावणी घेते. किमान ३० दिवस आधी सूचना, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत आणि संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण बंधनकारक आहे. शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. मात्र लोकांचा विरोध नोंदवला जातो, त्याने प्रकल्प थांबतोच असे नाही. संरक्षणाच्या किंवा केंद्राने सामरिक ठरवलेल्या प्रकल्पांना तर सुनावणीतूनच सूट आहे.

ग्रामसभा

पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत पेसा कायदा (१९९६) भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय सक्तीचा करतो. पालघर, नंदुरबार, गडचिरोली या जिल्ह्यांतील अनेक गावे या क्षेत्रात येतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ४१ पुढे जाऊन पूर्वसंमती मागते. वनहक्क कायदा (२००६) जंगलावरील सामूहिक हक्क मान्य करतो.

नियमगिरीचा निकाल

ओडिशातील नियमगिरी डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींना पूज्य आहे. तेथे वेदांताच्या लांजिगढ कारखान्यासाठी बॉक्साइटची खाण होणार होती. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदिवासींचे धार्मिक व वनहक्कांचे प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्याचा आदेश दिला. जिल्हा न्यायाधीश दर्जाच्या अधिकाऱ्यांसमोर १२ ग्रामसभा झाल्या. बाराही गावांनी नकार दिला. जानेवारी २०१४ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने खाणीला मंजुरी नाकारली.

आमचे मत

निर्णय होण्याआधी, लोकांच्या भाषेत, पूर्ण माहिती देऊन विचारले आणि 'नाही' म्हटल्यावर निकाल बदलू शकला, तरच तो सल्ला खरा. नाहीतर तो केवळ सोपस्कार. म्हणून आपल्या गावात सुनावणी लागली तर अहवालाची प्रत आधीच मागा, हरकत लेखी द्या, पोच घ्या आणि इतिवृत्त वाचून दाखवल्याशिवाय सभा सोडू नका. ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची प्रतही जपून ठेवा. उद्या न्यायालयात तोच कागद बोलेल.