शिळाछाप आणि सर्किट बोर्ड

दोंडाईचा म्हटलें कीं खानदेशांतील वाचकांस मिरचीचा बाजार आठवतो. विजेच्या बारीकसारीक सामानासाठीं प्रसिद्ध असलेला मुंबईचा लॅमिंग्टन रोड येथून फार दूर. म्हणून येथील एका विद्यार्थ्यानें सर्किट बोर्ड घरींच करण्याचा घाट घातला. ती कृति पाहतांना आम्हांस एका जुन्या विद्येची आठवण झाली.

कृति अशी : आराखडा उलटा करून लेझर छपाईयंत्रावर गुळगुळीत कागदावर छापावयाचा. त्या यंत्राचा टोनर म्हणजे पातळ शाई नव्हे. ती रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकची पूड होय. घासून स्वच्छ केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर कागद पालथा घालून तापलेली इस्त्री दाबली, कीं पूड मऊ होऊन तांब्यास चिकटते. मग कागद भिजवून सोडवावयाचा व पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावांत ठेवावयाचा. उघडें तांबें द्राव खातो; पुडीखालचें वांचतें.

हें तत्त्व जुनेंच आहे. बव्हेरियांत आलोइस झेनेफेल्डर यानें 1796 च्या सुमारास धुण्याच्या कपड्यांची यादी मेणाच्या शाईनें दगडावर लिहिली व उघडा दगड आम्लास खाऊं दिला. त्याच्या पुढील प्रयोगांतून शिळाछापाची कला निघाली. ती मुंबईस आल्यावर, अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून गणपत कृष्णाजी यांनीं लांकडी यंत्र स्वतः बनविलें, शाई स्वतः केली, आणि 1831 सालीं मराठी पंचांग छापिलें. पुढें 1936 च्या सुमारास, छपाईच्या धंद्याची ओळख असलेल्या पॉल आइस्लर यानें लंडनमध्यें छापील सर्किटचा रेडिओ तयार केला.

आज तयार बोर्ड टपालानें मागवितां येतात. मग हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारील. गणपत कृष्णाजींसही आपलें काम दुसऱ्याच्या छापखान्यांत देतां आलें असतें. पण मग ते गिऱ्हाईक राहिले असते, मुद्रक झाले नसते. आमच्या विद्यार्थ्याचा पहिला बोर्ड फुकट गेला. इस्त्रीची आंच कमी पडून एक रेघ तुटली होती. दुसऱ्या वेळीं दिवा लागला. ती तुटलेली रेघ त्यास जें शिकवून गेली, तें टपालानें येत नाहीं.

मात्र वापरलेला द्राव मोरींत ओतूं नये. त्यांत विरघळलेलें तांबें माशांस विष होतें. जो विद्या घरीं आणतो, त्यानें तिचा मळही सांभाळला पाहिजे.