हॉर्नच्या भरवशावर

सातारा-सांगलीकडे वाहनांच्या गोंगाटाविरुद्ध कुणी बोलले की एक उत्तर हमखास येते: आवाज कमी कराल तर अपघात वाढतील. हे मत उथळ नाही, म्हणून आधी ते नीट मांडतो. घाटात वळणापलीकडचे दिसत नाही, तेव्हा हॉर्नच कामी येतो. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा नुसत्या हौसेच्या नव्हत्या. अंधारात गाडी येत असल्याची ती वर्दी होती. बुलेटचा फटफटाट ऐकून माणूस बाजूला होतो. आणि विजेवरची मोटार अंध पादचाऱ्याला अंगाशी आल्यावरच कळते.

पहिला मुद्दा पसरणी घाटापुरता मला मान्य आहे. वाई-पाचगणी रस्ता दुहेरी, वळणे आंधळी. तिथे मोजका हॉर्न द्यायलाच हवा. पण तो बंद केला आहे कुणी? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेले कलम १९४-एफ दंड करते ते विनाकारण, सतत किंवा सुरक्षिततेसाठी लागतो त्याहून जास्त वाजवलेल्या हॉर्नला. पहिल्या वेळी एक हजार रुपये, पुढे दोन हजार. ज्या समतोलासाठी आमचे मित्र भांडतात, तो कायद्यात आधीच लिहिलेला आहे.

आता खंबाटकी घाटात चला. बोगद्यातून पुण्याकडे निघालेले वाहन तीव्र उताराला लागते आणि पुढे ते कुप्रसिद्ध एस-वळण येते. एप्रिल २०१८ मध्ये तिथे विजापूरकडच्या मजुरांचे वाहन उलटून डझनाहून अधिक जीव गेले. हा रस्ता एकेरी आहे. समोरून कुणी येतच नाही. मग हॉर्न द्यायचा कुणाला? अशा उतारावर घात करतात वेग, रस्त्याची आखणी आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली गाडी. खालच्या गिअरमध्ये उतरणाऱ्या ट्रकचे इंजिन गुरगुरते, तो आवाज मात्र खुशाल होऊ द्या. त्यामुळेच ब्रेक तापत नाहीत.

बुलेटचे समर्थन याहून लंगडे आहे. सायलेन्सरचे तोंड मागे आणि धोका बहुधा पुढे किंवा चौकात आडवा. आवाजाचा मुख्य झोत जातो तो जिच्यातून गाडी निघून गेली त्या गल्लीत! शिवाय प्रत्येक जण वर्दी देऊ लागला तर वर्दी उरते कुठे? मिरजेचेच पाहा. तिथल्या रुग्णालयांत ठिकठिकाणांहून रुग्ण येतात. रुग्णालयाभोवतालचा शंभर मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, अशा क्षेत्रातली मर्यादा दिवसा ५० डेसिबल आणि रात्री ४०. हॉर्नच्या कलकलाटात रुग्णवाहिकेचा भोंगा बुडतो, तेव्हा सुरक्षितता कुणाची राखली गेली?

विजेच्या मोटारीचा मुद्दा प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट, पण तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विद्युत मोटारीला सूचक ध्वनी सक्तीचा आहे, तोही साधारण ताशी २० किलोमीटरपर्यंतच. त्यापुढे टायरचा आवाज पुरतो. आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही सप्टेंबर २०२५ मध्ये असाच मसुदा काढला. हा ध्वनी मंद, सलग आणि गाडीच्या चालीशी बांधलेला असतो. घुंगुरमाळेचेही तेच. तिचा दाखला देऊन कर्कश एअर हॉर्नची वकिली कशी करता येईल?

आणि उसाचा हंगाम? वाळवा, कराडकडच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो, त्यावर कानठळ्या बसवणारा डेक. मागचा ट्रक ओव्हरटेकसाठी हॉर्न देतो. चालकाला ऐकू येईल कसे? मग ट्रकवाला आणखी मोठा हॉर्न बसवतो. चढाओढ अशीच वाढत जाते. खरा घात मात्र डोळ्यांपाशी होतो: पाठीमागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला किंवा बेपत्ता, आणि उसाची टोके बाहेर आलेली. मागून वेगाने येणाऱ्या दुचाकीस्वाराला हा पुढचा डेक वाचवत नाही. त्याला हवी ती दोन लाल पट्ट्यांची चमक.

कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक ट्रॉली थांबतेच. उसाचे वजन करताना तिथेच मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि डेक पाहायला असा कितीसा वेळ लागतो?